जांभळ्या दिवसांतला गुलाबी रविवार

फादरांचा चहा दर रविवारी तीनदा केला जायचा आणि तिन्ही वेळा त्याच्यावर साय धरायची. त्यांचा म्हातारा स्वयंपाकी कप उचलून नेताना आम्हा वेदीसेवकांना ऐकू जाईल असं पुटपुटायचा, "ह्यांना चहा प्यायचा नसतो, नुसती वाफ बघायची असते." आगमनकाळाच्या चार रविवारी त्याचा राग विशेष चढलेला असे. नाताळ जवळ आला की चर्चच्या व्हरांड्यात माणसांची रीघ लागायची आणि प्रत्येकाचं काम, त्याच्या मते, पाच मिनिटांचंच असायचं.

मी सांगतोय तो रविवार १५ डिसेंबर १९७४चा. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. आमचं गाव वसईच्या पश्चिम पट्ट्यातलं, निर्मळपासून सायकलच्या टप्प्यातलं. केळीच्या बागा, पानवेली, आळीआळीच्या तोंडाशी एक क्रूस आणि वाडीच्या कडेला शेवाळलेलं बावखल, म्हणजे छोटं तळं. वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत १९९८ साली झाला. त्याआधी आम्ही मुंबईच्या आर्चबिशपांच्या हाताखाली होतो. मुंबईहून पत्र यायचं, फादर ते मिस्सेनंतर वाचून दाखवायचे आणि आम्ही खोकत खोकत ऐकायचो.

एरवी आमच्याकडे दोन धर्मगुरू असत, मोठे फादर आणि छोटे फादर. पण त्या डिसेंबरात जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरच्या अवशेषांचं दर्शन खुलं होतं. गावातून यात्रेकरूंची बस निघाली आणि तिच्याबरोबर छोटे फादर गेले. त्यामुळे तिसऱ्या रविवारचा सगळा भार मोठ्या फादरांवर पडला. वय साठीला टेकलेलं, अंगकाठी उंच, एक गुडघा कुरकुरणारा. वाहन म्हणजे हिरव्या रंगाची सायकल. तिची घंटी वाजत नसे, पण बाकी सगळं वाजायचं.

पहिली मिस्सा पहाटे साडेपाचला. पाचच्या घंटेला आजी मला हलवून उठवायची. डिसेंबरातला गारठा, अंगात शाळेचा स्वेटर, डोक्याला कानटोपी. रस्त्यावर कंदिलांचे आणि बॅटऱ्यांचे उजेड डुलत चाललेले दिसायचे. ही मिस्सा कामकऱ्यांची. दूध घेऊन मुंबईची गाडी गाठणारे पुरुष, भाजीच्या आणि फुलांच्या टोपल्या घेऊन बाजाराला निघालेल्या बाया. लाल लुगडं नेसलेल्या त्या बायका टोपल्या चर्चच्या व्हरांड्यात ओळीने मांडून आत यायच्या. आत धुपाचा वास, बाहेर मुळ्याचा आणि मोगऱ्याचा. दोन्ही वास दाराशी एकत्र व्हायचे. आजही मुळ्याची जुडी नाकाशी धरली की मला प्रार्थना म्हणावीशी वाटते.

आगमनकाळाचा रंग जांभळा. वेदीवरचं कापड जांभळं, फादरांचं वस्त्र जांभळं, सूरही थोडा खालचा. पण तिसरा रविवार आनंदाचा. अर्धी वाट सरली, म्हणून त्या दिवशी गुलाबी वस्त्र. आमच्या साक्रिस्तीत असं एकच होतं, कुठल्या काळातलं कुणास ठाऊक, धुऊन धुऊन विटलेलं. त्या पहाटे फादर ते घालून बाहेर आले आणि पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्यांमध्ये खसखस पिकली. मिस्सेनंतर त्यांच्यातल्या एकीने तोंडावर पदर धरून विचारलंच, "फादर, लुगडं कोणाचं नेसलात?" फादर म्हणाले, "तुमच्याच पिढीतलं दिसतंय बाय, रंग गेलाय पण फाटत नाही."

वेदीशेजारी आगमनाचं चक्र होतं. आमच्याकडे त्या काळी ही नवलाईच होती. फादरांनी ते स्वतः केलं होतं. जुन्या सुपाची बांबूची कड, तिला समुद्रावरच्या सुरूच्या डहाळ्या गुंडाळलेल्या, वर चार मेणबत्त्या. तीन जांभळ्या, एक गुलाबी. जांभळी मेणबत्ती बाजारात मिळाली नाही म्हणून पांढऱ्यांनाच पताकांचा कागद चिकटवलेला. गुलाबी पेटवायचा मान माझा होता. काडी दोनदा विझली. तिसऱ्यांदा वात पेटली तेव्हा फादरांनी माझ्याकडे पाहून भुवई उडवली, एवढंच. त्या भुवईवर मी आठवडाभर जगलो.

त्या दिवशीचं दुसरं वाचन याकोबाच्या पत्रातलं होतं. शेतकरी पहिल्या आणि शेवटच्या पावसासाठी कसा धीर धरतो, तसा तुम्हीही धरा, असा त्याचा मथितार्थ. शेतकऱ्यांच्या गावात यावर प्रवचन म्हणजे मुंबईकराने वसईकराला केळं सोलायला शिकवण्यासारखं. फादर हे जाणून होते. त्यांनी वरून सांगण्याऐवजी विचारलं, "केळ लावल्यापासून घड हातात यायला किती महिने?" चर्चमध्ये धर्मगुरूच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं, हा अलिखित नियम. पण मागच्या खांबापाशी उभा असलेला एक बागायतदार मोठ्याने म्हणाला, "जातीवर आहे, फादर!" सगळं चर्च हसलं. फादरही हसले आणि म्हणाले, "बरोबर. माणसांचंही जातीवर आहे. कुणी लवकर येतो, कुणाला वर्षं लागतात. खोदून बघितलं तर कांदा मरतो." प्रवचन तिथेच संपलं. आठ मिनिटंही झाली नसतील. बाहेर टोपल्या वाट पाहत होत्या.

साडेसातची मिस्सा मोठी. त्या मिस्सेला लग्नांच्या घोषणा वाचल्या जात. आगमनकाळात लग्न लावायचं नाही ही आमची जुनी रीत. त्यामुळे नाताळ झाला की लग्नांचा पूर येई आणि त्यांची नावं आधीचे तीन रविवार चर्चमध्ये पुकारली जात. कोणाला हरकत असेल तर कळवावं, असं फादर शेवटी म्हणायचे. हरकत कुणाचीच नसायची, पण मतं सगळ्यांना असायची. अमक्याची मुलगी तमक्या आळीत दिली, हे ऐकताच बाकाबाकांवरून जी कुजबुज निघायची, तिच्यापुढे आमचा गायकवृंद फिका पडायचा. मिस्सा संपली की त्याच जोडप्यांचे बाप बाप्तिस्म्याचे दाखले मागायला व्हरांड्यात उभे. फादर नोंदवह्यांचा गठ्ठा काढायचे. जुन्या पानांवर लॅटिनमध्ये नावं. घरी ज्याला सगळे एका हाकेने ओळखतात, तो वहीत भलताच कुणी निघायचा. दाखला लिहिताना पहिला चहा आला आणि सायीखाली गेला.

आजीची पिढी लॅटिन मिस्सेवर वाढलेली. १९६२ ते १९६५च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा मराठीत आली, तेव्हा तिला म्हणे पहिले काही दिवस चुकल्यासारखं झालं. "इतकी वर्षं देवाशी बोलले ते काय बोलले ते आत्ता कळलं," असं ती म्हणायची. त्यात आनंद किती आणि संकोच किती, हे मला अजून सांगता येत नाही. फादरही लॅटिनमध्येच शिकलेले. रागावले की त्यांच्या तोंडून लॅटिन निघायचं. आम्हाला ते प्रार्थनेसारखंच वाटायचं, त्यामुळे रागावण्याचा उपयोग होत नसे.

तिसरी मिस्सा किनाऱ्याकडच्या वाडीतल्या छोट्या चॅपेलात. फादर सायकलवर, मी मागच्या कॅरिअरवर, मांडीवर मिस्सेची पेटी. पेटीत कप, वस्त्र, न ओतलेला द्राक्षारस आणि पोटात भूक. पवित्र प्रसादाआधीचा उपास तेव्हा तासाभरावर आला होता, पण फादर जुन्या वळणाचे. शेवटची मिस्सा होईपर्यंत पाण्याशिवाय काही घेत नसत. वाटेत निर्मळच्या जत्रेला निघालेली माणसं भेटत होती. कार्तिकातल्या वद्य एकादशीला भरणारी ती जत्रा अजून उठली नव्हती. बैलगाडीतल्या एकाने फादरांना हात जोडले आणि ओरडून विचारलं, "येता का जत्रेला?" फादर पायडल मारतच म्हणाले, "सुकेळी आणा माझ्यासाठी!" संध्याकाळी खरोखरच केळीच्या सोपटात बांधलेलं सुकेळ्यांचं पुडकं व्हरांड्यात आलं. कोणी ठेवलं ते कळलं नाही. आमच्याकडे तेव्हा जत्रा आणि सण वेगवेगळ्या देवांचे असत, खाऊ मात्र सगळ्यांचा.

परत आलो तो धर्मशिक्षणाचा वर्ग भरलेला. त्या वर्षी फादरांनी मुलांसाठी एक युक्ती काढली होती. चर्चमध्ये रिकामी गव्हाण ठेवलेली. जो कोणी चांगलं काम करील त्याने तिच्यात भाताच्या पेंढ्याची एक काडी टाकायची. नाताळच्या रात्री बाळ येशूला मऊ अंथरूण मिळालं पाहिजे. पहिल्या रविवारी गव्हाणीत दहाबारा काड्या होत्या. तिसऱ्या रविवारी ती ओसंडून वाहत होती. फादरांनी पेंढा हातात घेऊन पाहिला आणि म्हणाले, "एवढी चांगली कामं झाली असती तर मला गावात काही कामच उरलं नसतं." मग शांतपणे चौकशी केली. चर्चमागच्या उडवीतून आम्ही मुठीमुठीने पेंढा उपसला होता. शिक्षा काय? उडवी ज्याची होती त्याच्या गोठ्यातलं शेण तीन दिवस काढायचं. "आणि त्याबद्दल प्रत्येकाला एक काडी," फादर म्हणाले. ती मात्र खरी काडी होती. मी माझी ओळखायचो. तिला गाठ मारून ठेवली होती.

दुपारी जेवायच्या वेळेला सेंट विन्सेंट द पॉल संस्थेची माणसं आली. ते वर्ष महागाईचं. साखर रेशनवर, रॉकेलला रांगा. मे महिन्यातल्या रेल्वे संपात आमच्या आळीतल्या एकाची नोकरी गेली होती. मदतीच्या यादीत त्याचं नाव घालायचं की नाही, यावर चर्चा झाली. घातलं तर त्याला लाज वाटेल, न घातलं तर पोरं करंज्यांवाचून राहतील. फादरांनी यादी खिशात घातली आणि म्हणाले, "त्याच्याकडे मी नाताळच्या गोठ्याचं सुतारकाम देतो." झालं. आमच्या भागात धर्मगुरूंनी पैशाच्या गोष्टीत हात घालणं नवं नव्हतं. बेसिन कॅथॉलिक बँक १९१८ साली मॉन्सिन्योर मोनीस यांच्या पुढाकाराने उभी राहिली होती. पतपेढीचा हप्ता थकला की माणसं आधी चर्चच्या व्हरांड्यात यायची, मग बँकेत. दुसरा चहा हप्त्यांच्या बोलण्यात थंड झाला.

तीनला दोन बाप्तिस्मे. एक बाळ झोपेत ख्रिस्ती झालं, दुसऱ्याने अख्खं गाव जागं केलं. मग आजाऱ्यांच्या भेटी. फादर त्यांच्यासाठी ख्रिस्तप्रसाद एका छोट्या डबीत घालून गळ्यात अडकवत. ती डबी गळ्यात असली की सायकलवरून ते बोलत नसत. मला मागे बसून वाऱ्याचा आवाज ऐकावा लागे. एका घरी अंथरुणाला खिळलेले आजोबा होते. त्यांना डोळ्यांनी दिसत नसे, पण ओव्यांचा नाद होता. फादरांच्या पिशवीत ख्रिस्तपुराणाची प्रत असायची. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्लंडात जन्मलेल्या जेझुइटाने रचलेलं, १६१६ साली छापलेलं ते पुराण. फादरांची प्रत १९५६ सालची, देवनागरी. प्रसाद देऊन झाला की ते चारपाच ओव्या म्हणत. त्या दिवशी आजोबा म्हणाले, "जन्माचं वाचा, नाताळ आलाय." फादरांनी पानं उलटली आणि थांबले. "जन्म दुसऱ्या पुराणात आहे," ते म्हणाले. "पंच्याण्णव अवस्वर आहेत, त्यातले पहिले ३६ नुसते वाट पाहण्यात जातात. तुम्हाला घाई आहे का?" आजोबांचं तोंड दातांशिवाय हसलं. "मला कसली घाई? वाचा पहिल्यातलंच."

संध्याकाळी चर्चमध्ये गायकवृंदाची तालीम. हार्मोनियम, दोन व्हायोलिनं आणि मुंबईच्या कापडगिरणीत काम करणारा आमचा मास्तर, जो आठवड्यातून एकदाच गावात सापडायचा. तालीम ग्लोरियाची, म्हणजे मिस्सेतल्या स्तुतिगीताची. आगमनकाळात ग्लोरिया म्हणत नाहीत. ती नाताळच्या रात्री एकदम फुटायची, म्हणून त्याआधी चार आठवडे बंद. पण तालमीशिवाय फुटेल कशी? म्हणून दारं लावून, हळू आवाजात, चोरून केल्यासारखी ग्लोरिया चालायची. फादर आत डोकावून म्हणायचे, "अजून पंचवीस आली नाही, दहाच दिवस राहिलेत, पण देवाला ऐकू देऊ नका." आम्ही अंगणात वाटीभर नाचणी डब्यांतून पेरत बसलेलो. गोठ्यापुढे हिरवं शेत दिसावं म्हणून तिसऱ्या रविवारी पेरायची, नाताळपर्यंत बोटभर उगवते. मला आकाशकंदिलाची चांदणी त्याच दिवशी लावायची होती. फादर नाही म्हणाले. "आधी नाचणी, मग चांदणी. आधी मातीतलं, मग आभाळातलं."

साडेसहाच्या घंटेनंतर कन्फेशन. नाताळआधी पापनिवेदन करायचं, मग प्रसाद घ्यायचा, ही शिस्त तेव्हा कडक होती. लाकडी जाळीच्या त्या खोलीत फादर बसले आणि दोन्ही बाजूंनी रांगा लागल्या. एका बाजूने बायका, दुसऱ्या बाजूने पुरुष. पुरुषांची रांग मंद. प्रत्येकजण दुसऱ्याला पुढे जा म्हणायचा. नऊ वाजता शेवटचा माणूस उठला. चर्चच्या दाराला कुलूप घालायचं काम माझं होतं, कारण सेवेकरी जत्रेला गेला होता. मी चावी घेऊन उभा राहिलो. फादर जागचे हलले नाहीत.

"फादर, कोणी नाही."

"माहीत आहे. थोडं थांब."

मी थांबलो. चर्चमध्ये एकच दिवा. सुरूच्या डहाळ्यांचा वास सुकत चाललेला. सव्वानऊ, साडेनऊ. मला वाटलं त्यांना डुलकी लागली असेल. म्हणून जाळीजवळ गेलो, तर ते जागेच होते. दिवसभर ज्यांना चहा प्यायला फुरसत मिळाली नाही, ते फादर मांडीवर हात ठेवून, काहीच न करता बसले होते. स्वयंपाकी दारात तिसरा कप घेऊन आला, मला पाहून थबकला, आणि पहिल्यांदाच काही न पुटपुटता कप बाकावर ठेवून गेला. दहाला फादर उठले. गुडघा कुरकुरला. "आज नाही," एवढं म्हणाले, आणि मीच कुलूप लावलं.

कोणाची वाट पाहत होते, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही. एका घरच्या दोन भावांत विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून भांडण झालेलं, बांधापर्यंत, मग कोर्टापर्यंत गेलेलं. धाकटा नऊ वर्षं चर्चची पायरी चढला नव्हता. त्या आठवड्यात आमच्या आळीत कुणीतरी म्हणालं होतं की तो रविवारी येणार. ते फादरांच्या कानावर गेलं असावं.

आता आमच्या चर्चमध्ये आगमनकाळाचं वेळापत्रक मोबाइलवर येतं. नाताळआधीच्या कन्फेशनला एका संध्याकाळी शेजारच्या धर्मग्रामांतून बरेच धर्मगुरू येतात, आठ-दहा खुर्च्या मांडल्या जातात, तासाभरात गाव मोकळं होतं. सोय आहे, आणि मी तिला नावं ठेवत नाही. आजच्या धर्मगुरूंनाही चहा गरम मिळत नाही, हे मी डोळ्यांनी पाहतो. कित्येक बावखलं बुजली, बागांच्या जागी इमारती आल्या. गुलाबी वस्त्र नवं आहे, झळझळीत, रेशमाचं. त्याला कोणी लुगडं म्हणत नाही. पण तिसऱ्या रविवारी ते पाहिलं की माझं लक्ष मिस्सेत लागत नाही. मला त्याच्या पुढच्या, १९७४च्या चौथ्या रविवारची रात्र आठवते.

त्या रात्रीही रांग नऊला संपली. मी चावी घेऊन उभा. फादरांनी जाळीतून पाहिलं आणि म्हणाले, "चावी इथं ठेव. तू घरी जा आज." मी निघालो. गारठा होता, नाचणी डब्यांतून बोटभर वर आली होती. रस्त्याला वळलो, तर समोरून एक बॅटरी येताना दिसली. उजेड खाली, पायांपुरता, दर चार पावलांवर थांबणारा. आणि एक खोकला. तो खोकला आमच्या आळीत सगळ्यांच्या ओळखीचा होता.

मी काय केलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. रस्ता सोडून मी शेजारच्या केळीच्या बागेत शिरलो आणि पानाआड उभा राहिलो, उजेड पुढे जाईपर्यंत. तो गेला कुठे, ते मी पाहिलं नाही. तो रस्ता चर्चपुढून पुढे बाजारालाही जातो. घरी आल्यावर आजीने विचारलं, "एवढा उशीर? कोणी भेटलं?"

"कोणी नाही," मी म्हणालो. तेवढंच खोटं मी त्या वर्षीच्या कन्फेशनमध्ये सांगितलं नाही.